गाणे कोणत्या रकान्यात घालायचे?

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या तीन याद्यांत एकाच आठवड्यात एक नवे नाव दाखल झाले. गायकाचे नाव लिल नास एक्स, वय एकोणीस, आणि गाणे ‘ओल्ड टाउन रोड’. सर्व प्रकारच्या गाण्यांची एकत्र मोजदाद करणाऱ्या ‘हॉट १००’ या मुख्य यादीत ते ८३व्या क्रमांकावर होते, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) आणि हिप हॉप या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ३६व्या, तर कंट्री या गोऱ्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या यादीत १९व्या. त्यानंतर पहिल्या दोन याद्यांत ते वर चढत गेले आणि तिसरीतून गायब झाले. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने ही गोष्ट उजेडात आणल्यावर बिलबोर्डने जो खुलासा केला त्याचा आशय असा होता: गाण्यात कंट्रीचे संदर्भ आणि काउबॉयच्या प्रतिमा आहेत हे खरे, परंतु आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्याच्या सध्याच्या रूपात नाहीत, आणि प्रकार ठरवताना सर्वांत आधी विचार होतो तो सांगीतिक रचनेचा.

यावरून जे रान उठले त्यात दोन बाजू ठळकपणे ऐकू आल्या. एका बाजूचे म्हणणे असे की गायक कृष्णवर्णीय असल्यामुळेच त्याला बाहेर काढले. दुसरीचे म्हणणे असे की रॅपच्या डोक्यावर काउबॉयची टोपी चढवल्याने त्याचे कंट्री होत नाही, तेव्हा यादी करणाऱ्यांनी आपले काम चोख केले. वर्णाचा या निर्णयाशी काडीचाही संबंध नाही, असे बिलबोर्डनेही सांगून टाकले. मला या वादात कोणाच्या मनात शिरण्याची गरज वाटत नाही. हेतू शुद्ध होता असे क्षणभर धरून चालले, तरी एक गोष्ट उरतेच: जी कसोटी या गाण्याला लावली गेली ती बिलबोर्डने आधीच्या सात वर्षांत इतर गाण्यांना लावलेली नव्हती, आणि ती कोठे सविस्तर लिहून सर्वांसमोर ठेवलेलीही नव्हती. न लिहिलेली कसोटी घरच्यांच्या बाबतीत कोणाला आठवत नाही. दारात अनोळखी माणूस उभा राहिला की ती आठवते. म्हणून ज्या संस्थेला मोजणीबरोबर वर्गवारीही करायची आहे, तिने वर्गवारीचे नियम आधी जाहीर करावेत आणि मग ते सर्वांना सारखे लावावेत, असे माझे म्हणणे आहे. कंट्रीची वेगळी यादीच बंद करावी, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मात्र मी बसत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी गाण्याकडे पाहू, कारण या गदारोळात त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले. मूळ गाणे जेमतेम एक मिनिट त्रेपन्न सेकंदांचे आहे. सुरुवातीला बँजोच्या तारा छेडल्याचा एक छोटा, जरासा उदास तुकडा ऐकू येतो आणि तोच शेवटपर्यंत फिरत राहतो. हा तुकडा नाइन इंच नेल्स या इंडस्ट्रियल रॉक गटाच्या २००८ सालच्या एका वाद्यरचनेतून उचललेला आहे. यंगकिओ या नावाने काम करणाऱ्या एका डच तरुणाने त्याच्याखाली हिप हॉपमधल्या ट्रॅप शैलीचा जाड बेस आणि चुरचुरणाऱ्या हाय-हॅट झांजा घालून बीट, म्हणजे गाण्याखालचे तयार संगीत, बनवली आणि इंटरनेटवर विकायला ठेवली. लिल नास एक्सने ती तीस डॉलरला विकत घेतली. त्या वेळी त्याने कॉलेज सोडलेले होते आणि तो बहिणीच्या घरी राहत होता. आपला घोडा घेऊन जुन्या गावच्या रस्त्याने जाता येईल तितके दूर जायचे, एवढाच ध्रुपदाचा मजकूर. मधल्या कडव्यांत पोर्शे गाडी आणि घोडा यांची गंमतशीर बरोबरी आहे, ट्रॅक्टर आहे, रँग्लरची जीन्स आहे, आणि कंट्रीच्या सभ्य रेडिओला न चालणारे नशेचे उल्लेखही आहेत. आवाज खालच्या पट्टीतला, दक्षिणी हेल काढून ओढलेला. गायक स्वतःची थोडी टिंगल करतो आहे हे लपत नाही. घोड्यावरून निघालेला हा मुलगा एकटा आहे, घर सोडून आलेला आहे आणि कोणी काही सांगितलेले ऐकणार नाही, हे मात्र टिंगलीच्या आड चांगले जाणवते. माझ्या मते हे लहान, चतुर आणि नेटके गाणे आहे. थोर म्हणावे असे त्यात काही नाही, पण निव्वळ पोरखेळ म्हणून झटकून टाकावे असेही नाही. २०१९च्या आरंभी टिकटॉकवर हजारो मुलांनी बीट पडण्याच्या नेमक्या क्षणी साध्या कपड्यांतून काउबॉयच्या वेषात जाण्याचे छोटे व्हिडिओ केले, ते उगाच नाही. गाण्याच्या रचनेतच ते वळण आहे.

आता या रचनेत ‘आजच्या कंट्री’चे घटक पुरेसे नाहीत असे म्हणायचे, तर आजचे कंट्री म्हणजे काय हे पाहावे लागते, आणि बिलबोर्डची बाजू खरी लंगडी पडते ती इथेच. ऑक्टोबर २०१२ पर्यंत ‘हॉट कंट्री साँग्ज’ ही यादी केवळ कंट्री रेडिओ स्टेशनांवर काय वाजते त्यावरून ठरत असे. त्या महिन्यात बिलबोर्डने नियम बदलला. गाण्यांची डिजिटल विक्री, स्ट्रीमिंग आणि कोणत्याही प्रकारच्या रेडिओ स्टेशनवरचे प्रसारण, असे सारे त्यात धरले जाऊ लागले. म्हणजे कंट्रीचा श्रोता काय ऐकतो हे मोजण्याऐवजी, ज्या गाण्यावर कंट्रीचा शिक्का आहे ते एकंदर किती लोक ऐकतात हे मोजले जाऊ लागले. या बदलाचा पहिला लाभ टेलर स्विफ्टला झाला. स्वीडिश पॉप निर्माता मॅक्स मार्टिन याच्यासोबत केलेले, रचनेने उघडउघड पॉप असलेले तिचे त्या वर्षीचे गाणे कंट्रीच्या यादीत २१व्या क्रमांकावरून एका उडीत पहिल्यावर गेले. फिडल आणि स्टील गिटार ही कंट्रीची वाद्ये कोठे आहेत, असे तेव्हा बिलबोर्डने विचारले नाही. २०१३ मध्ये फ्लॉरिडा जॉर्जिया लाइन या गोऱ्या जोडीने आपल्या गाण्याच्या रीमिक्समध्ये नेली या रॅपरला घेतले, आणि त्याच्या लाटेवर ते गाणे एकूण २४ आठवडे कंट्रीच्या यादीत पहिले राहिले. पुढे याच जोडीने न्यूयॉर्कच्या पॉप गायिका बेबी रेक्सा हिच्याबरोबर केलेले गाणे २०१७-१८ मध्ये ५० आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसले. ड्रम मशीन, हिप हॉपची लय, बोलल्यासारखी म्हटलेली कडवी हे सारे त्या दशकात कंट्रीचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात इतके रुळले होते की त्यावर ‘ब्रो-कंट्री’ म्हणून टीका करणाऱ्यांची एक फळीच तयार झाली होती. गोऱ्या गायकांनी हिप हॉपकडून उसने घेतले तेव्हा ते कंट्रीचे आधुनिकीकरण ठरले. कृष्णवर्णीय रॅपरने कंट्रीकडून उसने घेतले तेव्हा रचना तपासायची वेळ आली.

यावर बिलबोर्डच्या बाजूने एक उत्तर देता येण्याजोगे आहे आणि ते मला पूर्णपणे टाकाऊ वाटत नाही. टेलर स्विफ्ट काय किंवा फ्लॉरिडा जॉर्जिया लाइन काय, हे नॅशव्हिलच्या व्यवस्थेतून वर आलेले लोक होते. त्यांची गाणी कंट्री रेडिओला पाठवली जात होती, तिथे वाजत होती. लिल नास एक्सने मात्र गाणे इंटरनेटवर चढवताना प्रकाराच्या रकान्यात स्वतःच ‘कंट्री’ असे लिहिले. कंट्रीच्या यादीत स्पर्धा हिप हॉपपेक्षा विरळ असते आणि नवख्या गाण्याला तिथे लवकर वर येता येते, हे त्याला ठाऊक असणार, असा संशय तेव्हा घेतला गेला. तो खराही असू शकेल. हा मुलगा इंटरनेटच्या वळणांत मुरलेला होता. गायकाने स्वतः लिहिलेले लेबल जर निमूट स्वीकारायचे ठरवले, तर उद्या कोणीही आपल्या गाण्याला गॉस्पेल किंवा जॅझ म्हणून त्या छोट्या यादीत मुसंडी मारील आणि ज्यांच्यासाठी ती यादी आहे ते कलावंत तळाला जातील. म्हणून संपादकाने मध्ये पडायलाच हवे हे मला मान्य आहे. पण एकदा हे मान्य केले की यादी म्हणजे केवळ मोजणी, हा दावा संपतो. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने तो कोणत्या आधारावर घेतला हे सांगायला हवे, आणि बिलबोर्डने सांगितलेला आधार नॅशव्हिलशी असलेल्या नात्याचा नव्हता, रचनेचा होता. ‘हे गाणे कंट्री रेडिओसाठी दिलेले नाही म्हणून आम्ही ते धरत नाही’ असे म्हटले असते तर ते रूक्ष पण प्रामाणिक उत्तर झाले असते. तशी सोय मात्र २०१२ मध्ये कंट्री रेडिओची अट काढून टाकताना बिलबोर्डने स्वतःच घालवून टाकली होती. तेव्हा उरला तो चवीचा निवाडा, आणि त्याला तांत्रिक मोजमापाचे नाव दिले गेले.

असा निवाडा अमेरिकेत पहिल्यांदाच झाला असे नाही. कंट्री आणि कृष्णवर्णीय संगीत हे दोन वेगळे रकाने मुळात पडले कसे, ते पाहिल्यावर या प्रकरणाची मुळे दिसतात. १९२०च्या दशकात ग्रामोफोन कंपन्या दक्षिणेत फिरून स्थानिक गायक ध्वनिमुद्रित करू लागल्या तेव्हा गोरे आणि काळे गायक पुष्कळदा तीच गाणी, त्याच चालीत, त्याच वाद्यांवर गात होते. बँजो हे वाद्यच गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिकेत आलेले. कंपन्यांनी मात्र विक्रीच्या सोयीसाठी दोन सूचिपत्रे काढली: गोऱ्या ग्राहकांसाठी ‘हिलबिली’ आणि काळ्या ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’. ध्वनिमुद्रिका कोणत्या सूचिपत्रात जाणार हे तिच्यावरचे संगीत कसे आहे यापेक्षा गाणारा कोण आहे यावरून ठरे. ही भिंत प्रत्यक्ष संगीताने वारंवार ओलांडली. १९३० मध्ये कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स याच्या एका गाण्यात ट्रम्पेट वाजवला तो कृष्णवर्णीय जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगने. हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवणारा रूफस पेन हा रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या सुप्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांत डीफर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाचा आवाज १९६६ मध्ये स्टेशनांवर पोचला तेव्हा कंपनीने त्याच्या पहिल्या रेकॉर्ड छायाचित्राशिवाय पाठवल्या, कारण चेहरा दिसला असता तर त्या वाजल्या नसत्या अशी धास्ती होती. पुढे तो कंट्रीचा मोठा तारा झाला, आणि त्याचेच उदाहरण देऊन ‘इथे भेदभाव नाही’ असे दीर्घकाळ सांगितले गेले. काउबॉयच्या प्रतिमेबद्दल तर बोलायलाच नको. यादवी युद्धानंतर टेक्सासच्या गुराख्यांत सुमारे दर चौघांत एक कृष्णवर्णीय असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. चित्रपटांतून मात्र तो पुसला गेला.

बिलबोर्डच्या याद्या या सूचिपत्रांच्याच वंशातल्या आहेत. १९४२ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची यादी ‘हार्लेम हिट परेड’ या नावाने सुरू झाली. १९४५ मध्ये तिच्या नावात ‘रेस’ हा शब्द आला. १९४९ मध्ये साप्ताहिकाचा तेव्हाचा बातमीदार जेरी वेक्सलर याच्या सूचनेने तो शब्द गेला आणि ‘रिदम अँड ब्लूज’ आले. त्याच वर्षी गोऱ्या ग्रामीण संगीताच्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव मिळाले. १९६३च्या अखेरीस तर बिलबोर्डने आर अँड बीची यादी बंदच करून टाकली, कारण ती आणि पॉपची यादी जवळपास सारखी दिसू लागली होती. १९६५च्या सुरुवातीला ती पुन्हा सुरू करावी लागली. वेगळ्या यादीविना त्या संगीताच्या छोट्या कंपन्यांना आणि नवख्या गायकांना बाजारात दिसण्याची जागाच उरत नाही. प्रकारवार याद्या मोडून टाकाव्यात या सूचनेला माझा विरोध आहे तो यामुळे. एकाच मोठ्या यादीत सर्वांना ढकलले की लहानांचे नाव कोणाच्याही नजरेला पडत नाही. गॉस्पेल, लॅटिन, ब्लूग्रास यांना आपापली यादी हवी, आणि कंट्रीलाही हवी. तिच्या दारावर काय लिहिले आहे, एवढाच प्रश्न आहे.

मोजण्याची पद्धत बदलली की कोण मोठा दिसतो तेही बदलते, याचा एक बोलका पुरावा याच साप्ताहिकाच्या इतिहासात आहे. मे १९९१ पर्यंत अल्बमांच्या विक्रीची यादी दुकानदारांना फोन करून, त्यांनी सांगितलेल्या अंदाजांवर बनत असे. त्या महिन्यात बारकोड वाचून झालेली खरी विक्री मोजायला सुरुवात झाली, आणि काही आठवड्यांतच कॅलिफोर्नियाच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्सचा कंट्री अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेल्या माणसाला रॅप आणि कंट्री या दोन्हींची विक्री सांगावीशी वाटत नव्हती. एकाला तो गुंडांचे संगीत समजत होता आणि दुसऱ्याला गावंढळांचे. दोघांना एकाच यंत्राने न्याय दिला. ज्या कंट्रीने हा अनुभव घेतला होता, तिच्याच नावाने अठ्ठावीस वर्षांनी एका रॅप गाण्याला पुन्हा अंदाजाच्या तराजूत घालावे, यातला विरोधाभास नॅशव्हिलमधल्या कोणाच्या लक्षात आला असल्यास तो मोठ्याने बोलला नाही.

पुढे गाण्याचे जे झाले ते सर्वश्रुत आहे, पण त्यातली एक बारीक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते. कंट्री गायक बिली रे सायरस याने साथ दिली म्हणून गाणे वर आले, असा समज आहे. सायरससोबतचा रीमिक्स ५ एप्रिल २०१९ रोजी आला. १३ एप्रिलच्या तारखेच्या ‘हॉट १००’मध्ये गाणे पहिले झाले, ते त्याआधीच्या आठवड्यातल्या आकड्यांवर, म्हणजे एकट्या लिल नास एक्सच्या मूळ रूपाच्या बळावर. सायरसने त्यानंतरचा वणवा पेटवला हे खरे: पुढच्या एका आठवड्यात अमेरिकेत ते सुमारे १४.३ कोटी वेळा स्ट्रीम झाले आणि तो विक्रम ठरला. त्याच्या कडव्याकडे जरा कान देऊन पाहावे. घोडा, ट्रॅक्टर आणि रँग्लर हे सारे रॅपरच्या वाट्याला आहे; कंट्रीचा अधिकृत पाहुणा गातो ते हिऱ्याच्या अंगठ्या, फेंडीची स्पोर्ट्स ब्रा आणि मासेराटी गाडी यांबद्दल. हे कडवे लिहिण्यात जॉझी या कृष्णवर्णीय गीतकार स्त्रीचा हात होता. कंट्री कोणते आणि हिप हॉप कोणते, हे एकाच गाण्यात इतके उलटेपालटे झाले होते की रचनेच्या नावाने निवाडा देणाऱ्यांना या रूपावर खरे तर सविस्तर लिहावे लागले असते. रीमिक्सही कंट्रीच्या त्या यादीत परतला नाही. सायरसची निवडही मोठी मासलेवाईक होती. १९९२ मध्ये त्याच्या एका नाचऱ्या गाण्याने कंट्रीचा बाजार गाजवला तेव्हा त्याच नॅशव्हिलमधल्या जाणत्यांनी त्याला कंट्रीची लाज म्हटले होते. फक्त त्याला यादीतून काढायचे कोणाला सुचले नव्हते.

गाणे १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आधीचा विक्रम १६ आठवड्यांचा होता, मराया कॅरी आणि बॉइझ टू मेन यांचा १९९५-९६चा आणि नंतर ‘देस्पासितो’चा २०१७चा. ऑगस्टमध्ये गायिका बिली आयलिश हिच्या गाण्याने त्याला खाली खेचले; ऑक्टोबरमध्ये एक कोटी युनिटांचे डायमंड प्रमाणपत्र मिळाले. हा विक्रमही डोळे झाकून वंदावा असा नाही. यंग थग आणि मेसन रॅम्सी यांना घेऊन एक रीमिक्स, कोरियाच्या बीटीएसमधल्या आरएमला घेऊन दुसरा, असे नवे नवे अवतार महिन्यामहिन्याला येत होते आणि बिलबोर्ड ते सारे एकाच गाण्याच्या खात्यात जमा करत होता. एकीकडे रूपे एकत्र धरण्याबाबत इतकी ढिलाई आणि दुसरीकडे प्रकाराबाबत इतकी कडक शिस्त, हे त्याच कार्यालयात एकाच उन्हाळ्यात चालले होते. आणि २०१२च्या नियमाने कंट्रीची यादी मुख्य यादीसारखीच मोजली जात असल्यामुळे, गाणे तिथे राहिले असते तर ते १९ आठवडे तिथेही अर्थातच पहिले ठरले असते. नॅशव्हिलच्या कंपन्यांची गाणी त्या उन्हाळ्यात पहिल्या क्रमांकावर दिसली ती हे गाणे बाहेर ठेवल्यामुळे, हे साध्या हिशेबाने कळते.

‘वाद झाला म्हणून तर गाणे गाजले, मग नुकसान कोणाचे झाले?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. लिल नास एक्सचे झाले नाही, हे खरे. कोलंबियासारख्या बड्या कंपनीशी त्याचा करार मार्च २०१९ मध्येच झाला. पण प्रकारवार यादी ही केवळ शोभेची वस्तू नसते. रेडिओवर काय वाजवायचे ते ठरवणारे, महोत्सवांची निमंत्रणे देणारे, पुरस्कारांना मत देणारे आणि अॅपवरच्या प्लेलिस्ट बनवणारे लोक तिच्याकडे पाहून आपले पैसे आणि वेळ कोठे घालायचे ते ठरवतात. ज्या कलावंताला बाहेर ठेवल्याची बातमी कोणीच छापत नाही, त्याचे नुकसान निमूट होते. कंट्री रेडिओने हे गाणे शेवटपर्यंत नावापुरतेच वाजवले. केवळ कंट्री रेडिओवरचे प्रसारण मोजणाऱ्या वेगळ्या यादीत ते तळाशी घुटमळत राहिले. देशभर सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्याची ही गत, तर बिनबोभाट बाहेर राहिलेल्यांची काय असेल?

समीक्षकांविषयीही एक तक्रार नोंदवायला हवी. बहुतेकांनी या गाण्याचा विचार केला तो खटल्यातला पुरावा म्हणून. त्याची चाल, त्याचा विनोद, इतक्या कमी वेळात ते सांगत असलेली गोष्ट, यांवर लिहिण्यापेक्षा ते कोणत्या बाजूचे हत्यार आहे यावर लिहिणे सोपे होते. त्यामुळे कौतुक करणाऱ्यांनी त्याला क्रांती ठरवले आणि नाक मुरडणाऱ्यांनी गंमत म्हणून बाजूला सारले. पुरस्कार देणाऱ्यांचीही अशीच त्रेधा उडाली. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या (सीएमए) पुरस्कारांत नोव्हेंबर २०१९ मध्ये रीमिक्सला ‘म्युझिकल इव्हेंट’ या, कलावंतांनी एकत्र येऊन केलेल्या गाण्यांच्या खात्यात बसवून गौरवले गेले. जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमीने लिल नास एक्सच्या सहा नामांकनांपैकी दोन पुरस्कार दिले ते दोन्ही याच गाण्याला: एक व्हिडिओसाठी आणि दुसरा पॉप युगुलगानासाठी. बिलबोर्डच्या लेखी हिप हॉप, ग्रॅमीच्या लेखी पॉप, सीएमएच्या लेखी एक प्रसंग. एकाच वर्षात तीन प्रतिष्ठित संस्थांनी तीन रकाने भरले आणि बिलबोर्डचा तो मोघम खुलासा सोडला तर एकीनेही आपला रकाना निवडण्याचे कारण दिले नाही. मला यात दुष्टपणापेक्षा आळस जास्त दिसतो, पण आळसाचा भार नेहमी एकाच बाजूला कलत असेल तर त्याची विचारपूस व्हायलाच हवी.

पाच वर्षांनी दृश्य पालटल्यासारखे दिसले. २०२४ मध्ये बियॉन्सेचे कंट्री गाणे त्याच ‘हॉट कंट्री साँग्ज’मध्ये पहिले आले. त्याच वर्षी व्हर्जिनियाचा, नायजेरियन आईबापांचा मुलगा शबूझी याने २००४ सालच्या एका रॅप गाण्याच्या ध्रुपदावर बेतलेले कंट्री गाणे १९ आठवडे ‘हॉट १००’मध्ये पहिले ठेवून लिल नास एक्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. या वेळी कंट्रीच्या यादीत ते पहिले होते आणि कंट्री रेडिओनेही ते वाजवले. म्हणून २०१९च्या भांडणाचा उपयोग झाला असे म्हणायला जागा आहे. तरीही बियॉन्सेला त्या वर्षीच्या सीएमए पुरस्कारांत एकही नामांकन मिळाले नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या अल्बमला ग्रॅमीचा कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळाल्यावर, चारच महिन्यांत ग्रॅमीने तो पुरस्कार ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असा दुभंगून टाकल्याचे जाहीर केले. या घाईबद्दल अनेकांनी भुवया उंचावल्या आणि त्या उंचावायला हव्याच होत्या.

पण या फाळणीत एक गोष्ट अशी आहे जी बिलबोर्डने २०१९ मध्ये केली असती तर वाद निदान मुद्द्यावर झाला असता. ‘पारंपरिक’ कंट्री म्हणजे काय, हे ग्रॅमीने लिहून दिले आहे: लय, गायनशैली आणि शब्दांचा आशय परंपरेला धरून असावा, आणि अकूस्टिक गिटार, स्टील गिटार, फिडल, बँजो, मँडोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, प्रत्यक्ष वाजवलेले ड्रम अशी वाद्ये असावीत. ही व्याख्या मला पटत नाही. बँजोला परंपरेत मानाचे पान द्यायचे आणि बँजो ज्यांनी आणला त्यांच्या वंशजांनी घडवलेल्या लयीला परंपरेबाहेर ठेवायचे, यात १९२०च्या दशकातले तेच सूचिपत्र डोकावते. मात्र हे वाक्य छापील आहे, त्यातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून भांडता येते, आणि ‘प्रत्यक्ष वाजवलेले ड्रम’ ही अट उद्या एखाद्या गोऱ्या गायकाच्या ड्रम मशीनलाही लावली जाते की नाही, हे कोणालाही तपासून पाहता येते.